खिशातला घडीचा चाकू: लागतो कितींदा, नडतो कितींदा?

बालाघाटी
मंडळी, विषय किरकोळ आहे, पण वर्षभर डोक्यात घोळायलाय म्हणून धागा काढला.

मागच्या दिवाळीला भाचा परदेशातून आला. मामाला काय न्यावं हे त्याला सुचेना, म्हणून लाल मुठीचा घडीचा स्विस चाकू घेऊन आला. मिटलेला असला की ९१ मिलिमीटर. दोन पाती, करवत, कात्री, डबा फोडायचं, बाटली उघडायचं, भोक पाडायची आरी, पाठीमागं एक हूक, बूच काढायचा पिळा, अन् मुठीत खोचलेलं दातकोरणं आणि चिमटा. आमच्या आबांनी (वडील, वय ७८) उलटसुलट करून बघितलं अन् "खेळणं चांगलंय. कापतोस काय याच्यानं, केळं?" म्हणून परत दिलं.

तेव्हापासून तो माझ्या खिशात आहे. पाटोद्याकडं सहा एकर आहे. सीताफळ, तूर, सोयाबीन. मागच्या महिन्यात गंमत म्हणून नोंद ठेवली. मोठं पातं २२ वेळा: खताच्या थैलीची शिवण, ठिबकाची नळी, सुतळी, एकदा टरबूज. पिळा ५ वेळा, सगळ्या वेळी दाव्याची गाठ ढिली करायला (बूच काढायचा योग अजून आला नाही, येऊही नये). करवत ३ वेळा. डबा फोडायचं एकदाही नाही. अन् चिमटा १९ वेळा, त्यातले १४ वेळा दुसऱ्यांच्या पायातले काटे!

मग धागा कशाला? तर गेल्या महिन्यात एका जत्रेत दाराशी तपासणी चालू होती. बंदोबस्तावरच्या पोलिसानं खिसा चाचपला, चाकू बाहेर काढला, "हे कामून बाळगायलाव?" मी म्हणलं शेतकरी आहे, नळी कापायला लागतो. त्यानं एकेक पातं उघडलं, कात्री बघून हसला अन् परत दिला. दोनच मिनिटं. पण मागं रांगेत सासुरवाडीची सगळी माणसं होती.

घरी बायको म्हणती, ठेवा तो कपाटात. तुम्ही कोण कोण बाळगता? कशासाठी? अन् कधी नडलाय का?

उगीचच
जावयाच्या खिशात चाकू निघाला म्हणल्यावर सासुरवाडीत मान वाढला असेल की.

बालाघाटी
@उगीचच, वाढला. जेवायला बसल्यावर मेव्हण्यानं आंबा माझ्यापुढं सरकवला, "दाजी, तुम्हीच कापा."

अर्धा_वकील
लातूर. कायद्याचं दोन वर्षं शिकून सोडून दिलं, नावातच आहे. तरी जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगतो.

लोक म्हणतात "चाकू बाळगणं गुन्हा आहे", ते सरसकट खरं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम बघा. धारदार हत्यारांच्या वर्गात पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेले चाकू-सुरे येतात, अन् त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारं वगळली आहेत. तुमचं पातं पावणेतीन इंचाचं. तिकडून चिंता नाही.

नडतो तो दुसरा कायदा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. सण, निवडणूक, मोर्चे असले की जिल्ह्यात मनाई आदेश निघतो. पेपरात "कलम ३७ (१) व (३) लागू" अशी बारकी बातमी येते, आपण ती वाचत नाही. त्यात शस्त्रं, तलवारी, भाले यांच्याबरोबर सुरे, काठ्या, लाठ्यासुद्धा असतात आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू. तिथं इंच मोजत बसत नाहीत. तुमच्या जत्रेच्या वेळी तसा आदेश असणारच. पोलिसानं परत दिला तो त्याचा समजूतदारपणा, तुमचा हक्क म्हणून नव्हे.

म्हणून माझं साधं गणित: शेत, प्रवास, गड इथं खिशात. जत्रा, मिरवणूक, सभा, कोर्ट, कलेक्टर ऑफिस इथं घरी. आणि भांडणात? चुकून बाचाबाची झाली अन् खिशात चाकू सापडला, तर तो केळं कापायचा होता हे सिद्ध करायला तुमचीच हयात जाईल.

नांदेडी
आमच्याकडं लगेच कुणीतरी म्हणतं, "मग शीख बांधव कृपाण बाळगतात ते चालतं का?" ते अगोदरच मिटवून टाकतो. कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग आहे, असं थेट संविधानाच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. तो श्रद्धेचा विषय. तुमच्या-माझ्या खिशातल्या कात्री-करवतीशी त्याची तुलना करू नये.

बाकी गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरच्या दुकानांत बाहेरगावचे लोक शोभेची तलवार हौसेनं घेतात अन् परतीच्या गाडीत बसल्यावर विचारतात, "हे नेता येतं ना?" अगोदर विचारावं.

अंतूरचा_बुरूज
संभाजीनगर. दर पावसाळ्यात कन्नडकडं गड-डोंगर फिरतो, देवगिरी तर पाठ आहे. माझ्याकडं दोन आहेत. एक तुमच्यासारखाच लाल, दुसरा पक्कडवाला अमेरिकन मल्टिटूल.

पक्कडवाला घेतला तेव्हा छाती फुगली होती. पट्ट्याला म्यान लावून मिरवायचो. वजन २४१ ग्रॅम. लाल चाकू शंभराच्याही आत. सहा महिन्यांनी म्यान पिशवीत गेलं, पिशवी कपाटात गेली. आता ट्रेकला तो एकाच्या सॅकमध्ये असतो, सगळ्यांत मिळून एक. बुटाचा सोल निघाला की तारेनं आवळायला, गॅस स्टोव्हची अडकलेली किल्ली फिरवायला, गरम पातेलं उचलायला. ते पातेलं उचलणं तर रोजचं. सांडशी कुणीच आणत नाही.

नडला एकदाच, पण चांगलाच. विमानानं जायचं होतं, चाकू पँटच्या खिशातच राहिला. केबिनमध्ये पातं नेता येत नाही, चेक-इनच्या सामानात चालतं, हे मला माहीत होतं. माहीत असून राहिलाच. बॅग अगोदरच पुढं गेलेली. तपासणीवरच्या माणसानं एका टोपलीकडं बोट केलं. टोपलीत नेलकटर, कात्र्या, स्क्रू ड्रायव्हर, अन् माझ्यासारखेच तीन लाल चाकू. वाईट वाटलं, पण एकटं वाटलं नाही.

पुण्यातला_लातूरकर
या विषयावर मला कुणी काही विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो.

हा चाकू फौजेसाठी जन्मला. कार्ल एल्सनर नावाच्या माणसानं १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. त्यात चारच गोष्टी होत्या: पातं, डबा फोडायचं, आरी आणि स्क्रू ड्रायव्हर. तो स्क्रू ड्रायव्हर रायफल खोलायला लागायचा. मूठ लाकडाची. बूच काढायचा पिळा आला १८९७ च्या ऑफिसर चाकूत, म्हणजे तुमची दाव्याची गाठ सोडणारी वस्तू मुळात साहेबांच्या वाईनसाठी आली. १९०९ मध्ये एल्सनरची आई वारली. तिचं नाव व्हिक्टोरिया, तेच छाप म्हणून लावलं. पुढं १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, त्याचं आंतरराष्ट्रीय नाव इनॉक्स. दोन्ही जोडून व्हिक्टोरिनॉक्स.

पक्कडवाल्याची गोष्ट निराळी. टिम लेदरमन हा अमेरिकन १९७५ मध्ये जुनाट फियाट घेऊन युरोप फिरत होता. खिशात स्काउटचा चाकू, अन् गाडी सारखी बिघडायची. पक्कड हवी, हे त्याला रस्त्यात कळलं. घरी येऊन खटपट केली, पण पहिलं मल्टिटूल बाजारात यायला १९८३ उजाडलं. एवढ्यात हेच दिसतं की एक शिपायासाठी झाला अन् दुसरा बिघडलेल्या गाडीसाठी. आपण शेतासाठी घेतो आणि मग म्हणतो हे जमत नाही, ते जमत नाही.

@बालाघाटी, एक गोष्ट आवर्जून तपासा. ९१ मिलिमीटरवाल्या चाकूला पात्याचं लॉक नसतं, नुसत्या स्प्रिंगच्या पत्तीच्या जोरावर ते उभं राहतं. कापताना दाब पात्याच्या धारेकडूनच आला पाहिजे. टोक खुपसून भोक पाडायला गेलात तर पातं बोटावर मिटतं. भोक पाडायला आरी आहे, पण लॉक तिलाही नाही, जपून.

बालाघाटी
@पुण्यातला_लातूरकर, उशीर झाला. डाव्या तर्जनीवर दोन टाके पडले आहेत. ठिबकाच्या मेन पाइपला भोक पाडायला गेलो होतो.

तीनफेजवाला
परभणी. वायरमनचं काम करतो, म्हणून रागानंच लिहायलोय.

मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी दादा स्टार्टर उघडून बसलेले, हातात असलंच चकचकीत मल्टिटूल. म्हणे कॉन्टॅक्ट साफ करायलोय. डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) सप्लाय चालू! कटआउट, म्हणजे फ्यूज, काढलेला नाही. मोटारीचे तीन फेज, ४१५ व्होल्ट. त्या मल्टिटूलची मूठ आख्खी लोखंडाची. हातमोजा नाही, पायात ओल्या स्लिपर. मी लांबूनच ओरडलो.

इलेक्ट्रिकची पक्कड वेगळी असते. तिच्या मुठीवर १००० व्ही असं छापलेलं असतं, त्याला अर्थ असतो. नुसतं रबर चढवलेल्या मुठीलाही तो भरवसा नाही. मल्टिटूल वायर सोलायला वापरा, बोर्ड बसवताना स्क्रू आवळायला वापरा, पण अगोदर सप्लाय बंद. फ्यूज काढा, काढलेला फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवा, मग हात लावा. फ्यूज खिशात कशाला? लाइट गेली असं समजून तिसराच माणूस येऊन बसवतो. आमच्याकडं असं झालेलं आहे.

खिशात ठेवायचं असेल तर टेस्टर ठेवा. स्वस्तात मिळतो अन् जीव वाचवतो.

उगीचच
धाग्याचं नाव बदला: खिशातला टेस्टर.

मास्तरीण
हिंगोली जिल्ह्यात शाळेवर आहे. माझ्याकडे ५८ मिलिमीटरचा सगळ्यात छोटा आहे, किल्ल्यांच्या जुडग्यात. एक पातं, कात्री, नखाची कानस, चिमटा, दातकोरणं. वजन एखाद्या बिस्किटापेक्षा जास्त नसेल. कात्री मात्र अफलातून. दोरे, कागद, पोरींच्या वेण्यांची रिबिनं, पोषण आहाराच्या मसाल्याची पुडी. तो चाकू आहे हे वर्गात कुणाला माहीतसुद्धा नाही, सगळे "बाईंची कात्री" म्हणतात. तरी शाळेत तो टेबलावर ठेवत नाही. पर्समध्ये, अन् पर्स कपाटात. पोरांच्या हाताला डोळे असतात.

एक गंभीर विचारते. आमच्या इथल्या एक ताई मुलीला कॉलेजला जाताना असा चाकू देणार आहेत, संरक्षणासाठी. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येईना.

अंतूरचा_बुरूज
मास्तरीणबाई, मी सांगतो. हा चाकू उघडायला दोन्ही हात अन् नख लागतं. घाबरलेल्या माणसाला खिशातून किल्ली काढता येत नाही, तिथं हे कुठून उघडणार? उघडला तरी वर लातूरकरांनी सांगितलंच आहे, लॉक नाही, झटापटीत तिचीच बोटं जातील. आणि समोरच्यानं हिसकावला तर? जोरात ओरडणं, पळणं, फोनवर ११२ लावणं हे खरं. चाकूच्या भरवशावर ती अंधाऱ्या वाटेनं जायला लागली तर चाकूनं तिचं नुकसानच केलं.

खुंटरोप
अंबडकडं मोसंबीची नर्सरी आहे. मल्टिटूलच्या बाजूनं बोलणारे खूप आहेत, मी विरुद्ध बोलतो, पण माझ्या कामापुरतंच.

मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, रंगपूर किंवा जंबेरी या लिंबाच्या जातींच्या खुंटावर भरतात, म्हणजे कलम करतात. खुंटाच्या सालीला टीच्या आकाराचा काप द्यायचा, साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची. त्या कापाला चाकू पाहिजे एका बाजूनं घासलेला, दुसरी बाजू सपाट. खिशातल्या चाकूचं पातं दोन्ही बाजूंनी उतरतं. काप होतो, पण डोळा सपाट निघत नाही, अन् बसतो पण चिकटत नाही. शंभरातले किती मेले हे महिन्याभरानं कळतं. आमच्या कारागिराला मी एकदा हौसेनं दिला होता. त्यानं दहा डोळे भरले, चाकू पुसला, मला परत दिला, अन् काही बोलला नाही. ते न बोलणंच फार लागलं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. एक्झोकॉर्टिस नावाचा रोग आहे, खुंटाची साल खपल्या धरून निघते, झाड खुरटतं. तो हत्यारावरून जातो. रोगट झाडाला लावलेला चाकू निरोगी झाडाला लावला की झालं. अन् आपला लाडका रंगपूर खुंट याला लवकर बळी पडतो. लोक स्पिरिटनं पुसतात, विस्तवावर धरतात. या रोगाचं त्यानं भागत नाही. ब्लीचचं पाणी लागतं, झाडागणिक बुडवायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं. आता सांगा, बारा सांधे असलेला चाकू दिवसातून दोनशे वेळा ब्लीचमध्ये बुडवला तर त्याचं काय होईल? न गंजणारं पोलादही रुसतं. म्हणून एकपाती, साधा, धुता येणारा. बागेत छाटणीला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवा, चाकू कितीही भारी असला तरी.

बालाघाटी
@खुंटरोप, हे माहीत नव्हतं. सीताफळाच्या फांद्या मी याच करवतीनं छाटतो. करवत मात्र मनगटाएवढी फांदी सुद्धा घेते, तिला नावं ठेवू नका.

कोयत्याचा_गाव
धारूर. आमच्या गावात खिशात काही नसतं, हातात असतंय. दिवाळी झाली की अर्धं गाव कारखान्यावर. अन् आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हं, नवरा-बायकोची जोडी. मुकादम विचारतो "किती कोयते देतोस?" म्हणजे किती जोड्या. माझे आईबाप एक कोयता होते.

त्यामुळं खिशातला चाकू बघितला की मला उगं हसू येतं. पण एक खरं सांगतो. मी लहान असताना फडात बैलाच्या पायात कासरा गुंतला अन् बैल पडला, मानेला दावं आवळलं. बापाच्या हातातला कोयता होता एवढा मोठा, पण मानेजवळ तो कसा लावणार? बैल तडफडायलाय, जरा हुकलं तर नरडंच जायचं. शेवटी ट्रॅक्टरवाल्याकडनं बारका चाकू आणला, दाव्याखाली बोट घालून बाहेरच्या अंगाला कापलं. तवा कळलं, मोठं हत्यार सगळीकडं चालत नाही.

अंबाजोगाईची_सिस्टर
हा धागा वाचताना भीती होती की कुणीतरी साप आणणार. अजून आणला नाही, म्हणून मीच आणते.

मी नर्स आहे. साप चावला की "खिशात चाकू आहे" हीच गोष्ट वैरी होते. चावलेल्या जागी काप देतात, रक्त पिळतात, वर कचकचून दोरी बांधतात. काप देऊन विष निघत नाही. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठायचं थांबतं, मग आपण दिलेला काप वाहतच राहतो. वरून बांधलेल्या पायाचे हाल वेगळे. ते पाय बघून आम्हालाच रडू येतं.

करायचं एवढंच: माणसाला धीर द्या, चालवू नका, हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, अंगठी, जोडवी, घट्ट पैंजण काढा अन् जिथं सापाच्या विषावरची लस आहे अशा सरकारी दवाखान्यात थेट न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर ती एकच लस चालते, त्यामुळं साप मारून पिशवीत आणायची गरज नाही. चाकूचा उपयोग एकच, सुजायला लागलेल्या पायावरची पँट कात्रीनं उभी कापायची असेल तर.

दुसरं बारकं, पण रोजचं. औषधाची पुडी ज्या पात्यानं फोडता, फवारणीचं औषध हो, त्याच पात्यानं बांधावर काकडी कापता. पँटला पुसलं की स्वच्छ झालं असं नसतं. दोन पाती आहेत ना? बारकं शेताला, मोठं खायला. बारक्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे विसरणार नाही.

बालाघाटी
सिस्टर, ठिपका आजच दिला. बायकोच्या बाटलीतला. तिनं विचारलं कशाला, सांगितलं, तर म्हणाली "इतके दिवस आम्हाला काय खाऊ घालत होता?"

मोंढ्यावरचा
स्वस्त मालाबद्दल कुणी बोललं नाही. ऑनलाइन "अकरा कामं एकात" म्हणून तीनशे-चारशेचं मिळतं ते घेतलं होतं. पक्कड पहिल्याच नटाला वाकडी, पात्याला धार दोन दिवस, अन् सांध्यात गंज. फेकून दिलं. त्या पैशात मोंढ्याजवळच्या हार्डवेअरमध्ये एक चांगली पक्कड येते अन् वर चहा होतो.

धारेबद्दल सांगतो. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला विळी द्या, कातर द्या, हा चाकू देऊ नका. चाकावर पातळ पातं तापतं, निळसर डाग पडला की तिथलं पाणी उतरलं समजा. घरी बारीक दगडावर पाणी टाकून, पातं जेमतेम पंधरा-वीस अंशांत धरून घासा. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाचं बूड आहे. खालची बिनचकाकीची खरबरीत कड असते ना, तिच्यावर दहा-दहा वेळा. घरातले ओरडतील, तेवढं सहन करा. आंब्याचा चीक, मोसंबीचा रस सांध्यात गेला की पातं उघडायला नख मोडतं. कोमट पाण्यात उघड-मीट करा, वाळवा, शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब.

उगीचच
मी मस्करी करायलो होतो, पण खरी अडचण कुणी सांगितलीच नाही. खिशात चाकू असलेला माणूस गावाचा होतो. "जरा दे की." दिला की कधी स्क्रू ड्रायव्हर म्हणून पात्याचंच टोक घालतील, कधी पातं उघडं ठेवून वळतील, कधी कानात घालतील. माझा असाच गेला. कुणी नेला ते माहीत आहे, मागता येत नाही. नात्यातलाच आहे.

बालाघाटी
उगीचचभाऊ, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आता सगळं सांगून टाकतो.

धागा काढला त्याच्या चौथ्या दिवशी चिमटा गेला. वस्तीवरच्या एकीला बाभळीचा काटा काढायला दिला, तिनं जाऊबाईला दिला, जाऊबाईनं काटा काढून चिमटा कुठं ठेवला हे कुणालाच माहीत नाही. मूठ तशीच लाल, अन् चिमट्याच्या जागी नुसती भेग. महिन्याच्या नोंदीतले १९ काटे आठवले. खरं सांगू का, माझ्याकडं चाकू नव्हताच, चिमटा होता. बाकीचं सगळं त्याच्याबरोबर आलेलं.

परवा सालगड्याच्या पोराच्या टाचेत बोराटीचा काटा गेला. सवयीनं खिशात हात घातला अन् भेगेवर नख फिरलं. पोरगं रडायलंय. आबा ओसरीवरून उठले, धोतराच्या वरच्या करदोट्यात हात घातला अन् एक कडी सोडली. त्या कडीत चिमटा, कानकोरणं, दातकोरणं अन् पेटीची किल्ली. मी जन्मापासून ती त्यांच्या कमरेला बघतोय, आवाजही ओळखतो, पण वर्षभर हे खेळणं मिरवताना एकदाही आठवली नाही. लोखंडाचा काळपट चिमटा, टोकं एकमेकांवर नखासारखी बसणारी. काटा एका दमात बाहेर. "कुणी केलाय हा?" तर म्हणाले, लोहाराकडनं, तुझ्या जन्माच्या आधीचा. कडी परत अडकवली, अन् माझ्याकडं न बघता म्हणाले, "आम्ही कुणाला देत नव्हतो. काटा आपल्या हातानं काढून द्यायचा, चिमटा नाही द्यायचा."

असो. निर्णय असा झालाय: चाकू शेतात खिशात, जत्रेत-बाजारात गाडीच्या डिक्कीत, नळीचे जॉइनर अन् टेस्टर त्याच पिशवीत (तीनफेजवाले, घेतला टेस्टर). छाटणीला वेगळी करवत आणतो. आता एकच काम आहे. या चाकूचा सुटा चिमटा मिळतो असं ऐकलंय. कुठं मिळेल?

पुण्यातला_लातूरकर
मिळतो, दातकोरणंही मिळतं. दोन मापं असतात. तुमच्या ९१ ला मोठं माप लागेल, मास्तरीणबाईंच्या ५८ चं छोटं चालणार नाही, ढिलं बसून पडेल. पुढच्या महिन्यात गावाकडं येतोय, तीन घेऊन येतो.

बालाघाटी
तीन कशाला?

पुण्यातला_लातूरकर
एक तुमचा, एक जाऊबाईंचा, अन् एक हरवायला.

उगीचच
आबांना विचारून आण. ते म्हणतील लोहार अजून जिवंत आहे.